आधण आलं की आच उतरवा: सिलिंडरचा हिशेब आणि घरची ऊबपेटी

सिलिंडर किती दिवस गेला हे घरोघरी माहीत असतं. कशाला किती ग्रॅम गेला, हे मात्र क्वचितच कुणी सांगू शकतं. गॅस वाचवण्याच्या सूचना ढीगभर मिळतात. त्यांतल्या कुठल्या सूचनेनं पाच ग्रॅम वाचतात आणि कुठल्या सूचनेनं पाच किलो, हे वजन केल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी वजन, मग चूल, मग ऊबपेटी, म्हणजे उकळी आलेलं पातेलं आच बंद करून ज्यात ऊब धरून शिजत ठेवायचं ते खोकं.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरलेला असतो, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. त्यातला काही मुंबईतल्या माहुलसारख्या ठिकाणच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत कच्च्या तेलातून निघतो, काही उरणला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या नैसर्गिक वायूतून वेगळा काढतात, आणि देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त जहाजानं येतो, मुख्यतः आखातातून. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये तिथून तेल येऊ लागलं, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उत्पादन शिखरावर गेलं आणि मग उतरणीला लागलं. तेल संपलं म्हणून ते उतरलं नाही. उपसा होत गेला तसा खडकातला दाब कमी होतो, तो टिकवायला खाली पाणी सोडावं लागतं, आणि वर येणाऱ्या द्रवात हळूहळू तेलापेक्षा पाणीच जास्त येऊ लागतं. विहीर कोरडी पडायच्या कितीतरी आधी ती महाग पडू लागते.

सिलिंडरचं उलटं आहे. आत द्रवाचा शेवटचा पेला उरेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो, ज्योतही तशीच राहते. त्यामुळे अर्धा संपला, पाव उरला, हे चुलीकडे बघून कळत नाही.

वजन कसं घ्यायचं

सिलिंडरच्या गळ्याभोवतीच्या पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, उदाहरणार्थ १५.३. भरलेल्याचं वजन त्यात १४.२ मिळवून, म्हणजे २९.५ किलो. प्रत्येक टाकीचा आकडा वेगळा असतो, मागच्या सिलिंडरचा यंदा वापरू नका. याच पट्ट्यांवर आतल्या बाजूला ‘बी-२८’ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. ती टाकीची पुढची तपासणी कधी आहे याची खूण: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तारीख उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका, परत पाठवा.

घरी वजनासाठी माणसांचा डिजिटल काटा चालतो. वर प्लायवूडचा तुकडा ठेवा, नाहीतर टाकीच्या खालच्या कड्यानं काट्याच्या काचेवर चरे पडतात. रेग्युलेटर लावलेलाच राहू द्या. त्याचं वजन दर वेळी तेवढंच असल्यामुळे दोन नोंदींच्या फरकात ते आपोआप उडून जातं. वजन झालं की टाकी खाली उतरवा. कायम काट्यावर ठेवली तर काटा आपलं शून्य विसरतो आणि आठवड्याभरात शे-दोनशे ग्रॅमची थाप मारतो.

दर रविवारी एकाच वेळी वजन घ्या, कॅलेंडरवर लिहा. चार आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा. सिलिंडर ४५ दिवस जात असेल तर रोजचा खप सुमारे ३१५ ग्रॅम येतो. हा आकडा हातात आल्याशिवाय पुढचं काहीही सुरू करू नका, कारण सणाचा आठवडा, पाहुणे, परीक्षेमुळे लवकर लागणारे डबे यांनी खप सहज खालीवर होतो आणि मग नसलेली बचत दिसू लागते.

काटा नसेल तर ओलं फडकं सिलिंडरवरून वरून खाली फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. द्रव आहे तिथवरचा पत्रा उशिरा सुकतो. पातळी साधारण कळते, हिशेबाला उपयोग नाही.

एक लिटर पाण्याचं माप

या सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखे दोनच आकडे आहेत. चांगल्या चुलीनं जळलेल्या गॅसच्या उष्णतेपैकी किमान ६८ टक्के भांड्याला द्यावी असं मानक आहे. घरच्या वापरात भांडं लहान, बर्नर मळलेला, खिडकी उघडी, म्हणून ६० टक्के धरू. मग एक लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला आणायला सुमारे ११ ग्रॅम गॅस लागतो. आणि तेच उकळतं एक लिटर पाणी वाफ करून उडवायला सुमारे ८२ ग्रॅम.

म्हणजे आधण आणणं स्वस्त आहे, खदखदवत ठेवणं महाग. पाणी १०० अंशांना पोचल्यावर आच कितीही वाढवली तरी उघड्या भांड्यात ते १०० च्या वर जात नाही, जास्तीची सगळी उष्णता वाफ होऊन खिडकीबाहेर जाते. मोठा बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस जाळतो. त्यावर दहा मिनिटं रटरटत ठेवलं की पाव लिटरहून जास्त पाणी उडतं, आणि त्या दहा मिनिटांत डाळ मंद आचेवर शिजली असती त्यापेक्षा कणभरही जास्त शिजत नाही. झाकण ठेवलेलं तीन लिटरचं पातेलं उकळीवर टिकवायला मोठ्या बर्नरच्या पाव-एक आचेत भागतं.

आपल्याकडे भाजी वाफवताना कढईवर ताट ठेवून त्यात पाणी घालतात, ती रीत याच हिशेबात बसते. खालची वाफ ताटाच्या तळाला लागते, थंड होऊन भाजीत परत गळते आणि जाताना आपली उष्णता ताटातल्या पाण्याला देऊन जाते. भाजीला पाणी हवं झालं की तेच गरम पाणी ओतायचं, भाजीचा कढही मोडत नाही. एवढी नेमकी उष्णता परत मिळवणारं यंत्र विकत घ्यायला गेलं तर महाग पडेल. ताटातलं पाणी उकळायला लागलं तर समजा आच गरजेपेक्षा मोठी आहे.

चूल

ज्योत निळी आणि छिद्राला चिकटलेली हवी. टोकं पिवळी होत असतील, पातेल्याचा तळ काळा होत असेल तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही: बर्नरची छिद्रं उतू गेलेल्या दुधानं बुजलेली असतात, किंवा चुलीखालच्या नळीच्या हवेच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं, पीठ, झुरळाची अंडी असतात. ज्योत छिद्रापासून सुटून उचललेली, फुरफुरणारी असेल तर हवा जास्त आहे.

महिन्यातून एकदा बर्नर थंड असताना काढा, गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास बुडवा, छिद्रं शिवणाच्या सुईनं मोकळी करा, उपडा ठेवून पूर्ण वाळवा. ओला बसवला तर ज्योत अर्ध्या बाजूनं पेटते. मधल्या पितळी जेटला सुई लावू नका. त्याचं भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते आणि पिवळी ज्योत कायमची पाठीस लागते. पाइपच्या गॅसची चूल सिलिंडरवर लावली की हेच होतं, फक्त जास्त धोकादायक रीतीनं, कारण पाइपच्या गॅसचे जेट मोठ्या भोकाचे असतात. उलट केलं, म्हणजे सिलिंडरची चूल पाइपवर लावली, तर ज्योत इवलीशी येते. घर बदलताना चूल तशीच नेली असेल तर जेट बदलून घेणं हे सामान लावण्याच्या आधीचं काम.

ज्योत भांड्याच्या तळाबाहेर येऊ नये, एवढा एकच नियम पाळला तरी पुरे. चहाच्या छोट्या पातेल्याच्या बाजूनं वर चढणारी ज्योत हँडल आणि हवा तापवते. चहा लहान बर्नरवर, आणि पाणी कपानं मोजून.

रबरी नळी नारिंगी, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय शिक्क्याची घ्या. तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांनी बदला, वरून चांगली दिसली तरी. सिलिंडर बदलताना व्हॉल्व्हच्या आतला काळा रबरी वायसर आहे ना ते बघा, रेग्युलेटर बसवल्यावर जोडांना साबणाचा फेस लावा. फुगे येत असतील तर गळती आहे. काडी पेटवून बघणारे अजून भेटतात, त्यांना आवरा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका, चालू पंखा आहे तसाच राहू द्या आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

कुकर: शिट्ट्या मोजण्याची सवय

कुकरच्या आत दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी ही डाळ शिजल्याची खूण नव्हे. आत जास्त झालेली वाफ बाहेर पडल्याची ती खूण आहे, म्हणजे वाया गेलेल्या गॅसची. ‘चार शिट्ट्या काढा’ हे माप एका घरात चालतं आणि दुसऱ्या घरात डाळ कच्ची राहते, कारण मोठ्या आचेवर चार शिट्ट्या तीन मिनिटांत होतात आणि मंद आचेवर त्यांनाच पंधरा मिनिटं लागतात. पहिली शिट्टी होऊ द्या, लगेच आच एवढी बारीक करा की शिटी नुसती सुसू करत राहील, आणि घड्याळ लावा. भिजवलेल्या तूरडाळीला आठ मिनिटं, तांदळाला चार-पाच, भिजवलेल्या हरभऱ्याला वीस. मग बंद करून दाब आपोआप उतरू द्या. दाब उतरेपर्यंतची ती दहा मिनिटं फुकट शिजण्याची असतात. नळाखाली धरून किंवा शिटी उचलून वाफ सोडली की ती गेली.

तळाला पाणी दीड-दोन वाट्या, डबे एकावर एक: खाली डाळ, वर भात, सगळ्यात वर बटाटे किंवा भोपळ्याच्या फोडी. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. फेस येणारी डाळ थेट कुकरमध्ये असेल तर अर्ध्यापर्यंतच, आणि त्यात चमचाभर तेल. फेस शिटीच्या नळीत अडकला की दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. कडेनं वाफ येत असेल तर रिंग सैल झाली आहे. ती फ्रीझरमध्ये ठेवून एखादा दिवस काम भागतं, पण नवी रिंग घेणं हाच उपाय.

डाळ न शिजण्याची तीन कारणं नेहमी सापडतात. न भिजवणं हे पहिलं: तूरडाळ अर्धा तास, मूग-मटकी चार तास, हरभरा-छोले-राजमा रात्रभर. दुसरं, आमसूल, चिंच, टोमॅटो आधीच टाकणं. आंबटानं दाण्याचं साल आणि पेशींमधला गोंद घट्ट होतो, म्हणून आंबट नेहमी डाळ घोटल्यावर. तिसरं, बोअरचं पाणी. मराठवाडा-विदर्भात अनेक ठिकाणी त्यात चुन्याचा अंश इतका असतो की डाळ तासभर ठणठणीत राहते. तिथं डाळीपुरतं पिण्याचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. गॅसची बचत कधी कधी चुलीत नसते, हंड्यात असते.

ऊबपेटी

उकळी आल्यानंतर अन्नाला उष्णता द्यायची गरज नसते, फक्त आहे ती जाऊ न देण्याची असते. हे काम गोधडीही करते. कोलकात्यात इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये काढलेला इकमिक कुकर, किंवा पुण्याच्या आरती या संस्थेनं आणलेला, शंभर-एक ग्रॅम कांडीकोळशावर घरचा वरणभात करणारा सराई कुकर, दोघांच्या मुळाशी हेच आहे: थोडी आग, बंद जागा, आणि वेळ.

लागेल ते सामान: माशांच्या किंवा औषधांच्या पार्सलचा जाड थर्मोकोलचा खोका, नसेल तर झाकणाची टोपली किंवा भक्कम पुठ्ठ्याचं खोकं, जुन्या सुती साड्या, चादरी, एक गोधडी, कापूस, लोकर किंवा भाताचा वाळलेला पेंढा भरलेली एक उशी, आणि घट्ट झाकणाचं, लांब दांडा नसलेलं तीन ते पाच लिटरचं पातेलं.

१. पातेलं खोक्यात मधोमध ठेवून बघा. चारी बाजूंना आणि खाली चार बोटं, म्हणजे आठ सेंटिमीटर तरी जागा सुटली पाहिजे. वर सहा बोटं. उष्णता वरून सर्वांत जास्त जाते आणि लोक नेमकं झाकणावरच कंजुषी करतात.

२. तळाशी चार बोटं जाडीची घडी घाला. बाजूंना कपडे दाबून भरा, पण खच्चून नको. ऊब धरते ती कापडातली अडकलेली हवा; दगडासारखं दाबलं की हवाच उरत नाही. मात्र मुठीएवढी मोकळी पोकळीही ठेवू नका, त्यात हवा फिरते आणि उष्णता वाहून नेते.

३. थर्मोकोल असेल तर पातेलं त्याला थेट टेकू देऊ नका. उकळीच्या तापमानाला थर्मोकोल मऊ पडतो, आकसतो आणि वास सोडतो. मध्ये सुती टॉवेलाचे दोन पदर हवेतच.

४. उशी झाकणावर बसेल अशी, पातेल्यापेक्षा बोटभर मोठी शिवा. तिची खोळ निघेल अशी ठेवा. वाफेनं ती ओली होते आणि ओल्या कपड्यातून ऊब पळते. दर वापरानंतर सगळं उन्हात.

पेटी झाली की आधी पाण्यानं तपासा. तीन लिटर पाणी झाकण ठेवून उकळा, पाच मिनिटं उकळीवर राहू द्या म्हणजे झाकणही तापेल, आच बंद करून अर्ध्या मिनिटाच्या आत पेटीत बंद करा. चार तासांनी तापमापक घाला. ७० अंश किंवा जास्त असेल तर पेटी उत्तम. साठच्या खाली असेल तर झाकणाची बाजू आधी सुधारा, मग तळ.

भात: दोन वाट्या तांदूळ, तीन वाट्या पाणी. नेहमीपेक्षा पाणी कमी, कारण पेटीत वाफ उडत नाही. नेहमीचं माप घातलं तर लगदा होतो. उकळी आल्यावर झाकून चार मिनिटं मंद, मग पेटीत ४५ मिनिटं. एवढ्या लहान प्रमाणाला लहान पातेलं घ्या. मोठ्या पातेल्यात थोडा भात हे नापास होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण, कारण ऊब साठते ती अन्नात आणि पाण्यात, रिकाम्या जागेत नाही. दोन लिटरच्या आतला ऐवज पेटीत टिकत नाही, भात तेवढा अपवाद, कारण त्याचं काम तासाभरात होतं.

मूग-मटकीची उसळ, भिजवलेली तूरडाळ: दहा मिनिटं उकळी, दोन तास पेटी. फोडणी आणि गूळ-आमसूल बाहेर काढल्यावर. हरभरा-छोले पातेल्यात करण्यापेक्षा कुकरच पेटीत ठेवा: पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाच मिनिटं, आच बंद, शिटी न उचलता कुकर तसाच पेटीत, दीड-दोन तास. हे या सगळ्यातलं सर्वांत फायद्याचं काम आहे. कुकरसाठी थर्मोकोल नको, तापमान जास्त असतं. टोपली आणि गोधडी घ्या. पेटी चुलीपासून दूर ठेवा आणि कुकर आचेवर असताना त्याला कधीही काही गुंडाळू नका.

राजम्याबद्दल एक सक्त सूचना. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळून उकळल्यानंच मोडतं. ७०-८० अंशांवर तासन्‌तास ठेवलं तर दाणे मऊ होतात पण विष तसंच राहतं, आणि उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेका, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं पूर्ण उकळा, आणि शक्यतो राजमा कुकरमध्येच संपवा.

अन्न ६० अंशांच्या खाली गेलं की जंतू वाढू लागतात. म्हणून डाळ-भात पेटीत चार तासांपेक्षा जास्त नको. रात्री ठेवून सकाळी काढायचं हा बेत करू नका. दुधाचे, नारळाच्या रसाचे, मासे-मटणाचे पदार्थ पेटीत नको. मध्येच ‘झालं का’ म्हणून झाकण उघडलं तर पातेलं परत चुलीवर उकळीला आणूनच पेटीत घाला. आंबूस वास आला तर चव घेऊन बघू नका, टाकून द्या.

अंघोळीचं पाणी

हिवाळ्यात सिलिंडर आठवडाभर लवकर संपतो त्याचं कारण स्वयंपाकघरात शोधण्यात अर्थ नाही. पंधरा लिटरची बादली २२ अंशांवरून ४० वर आणायला गॅसवर सुमारे ४१ ग्रॅम लागतात. चार माणसं, तीस दिवस: जवळजवळ पाच किलो. सिलिंडरचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग, नुसत्या अंघोळीला. वरची सगळी काटकसर एकीकडे आणि हे एकटं एकीकडे. अंघोळीचं पाणी गॅसवरून हलवा: छपराचा हक्क असेल तर सौर बंब, नसेल तर विजेचा गीझर, अंघोळीच्या आधी चालू आणि लगेच बंद. विजेवर तीच बादली साधारण एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शात तापते.

गॅस गीझर बंद न्हाणीघरात नको, कुठल्याही सबबीवर नको. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, माणूस आधी गुंगतो आणि मग दार उघडायची ताकद राहत नाही. तो बाहेरच्या हवेशीर गॅलरीत लावा आणि पाणी नळानं आत आणा.

इंडक्शनवर काय न्यायचं

१४.२ किलो गॅसचं काम इंडक्शनवर करायला साधारण १३० ते १४५ युनिट वीज लागते. तुलना करताना बिलाची सरासरी काढू नका. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात; इंडक्शनचं युनिट हे तुमच्या सध्याच्या वापराच्या वर चढतं, म्हणजे ते वरच्या टप्प्याच्या दरानं पडतं. तो दर, त्यात वहन आकार, त्यावर वीज शुल्क, अशी बेरीज करून १४० नं गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी लिहा. कुणाला परवडेल, कुणाला नाही. महिना ८० युनिट जळणाऱ्या घराचं आणि २९० जळणाऱ्या घराचं उत्तर एकच कसं असेल? छतावर सौर पॅनल असतील तर दुपारचा स्वयंपाक तिकडे नेणं हा सरळ हिशेब.

उकळण्याची कामं इंडक्शनला द्या: पाणी, दूध, कुकर. भाकरी, फुलके, वांग्याचं भरीत गॅसलाच बरं. तळाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडं चालतं. साधं ॲल्युमिनियम, पितळ, तांबं चालत नाही. २००० वॉटचं इंडक्शन जवळपास ९ अँपिअर ओढतं, त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं. मिक्सरच्या छोट्या सॉकेटमध्ये अडॅप्टर घालून चालवलं की प्लग तपकिरी पडतो, मग वास येतो, आणि तोवर आतली वायर भाजलेली असते.

शेवटचा किलो

ज्योत बारीक व्हायला लागली की सिलिंडर आडवा पाडणं, हलवणं, गरम पाण्यात ठेवणं हे प्रकार सर्रास चालतात. उभ्या टाकीतून वरची वाफ येते. आडव्या टाकीतून द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि द्रवाची वाफ होताना त्याचं आकारमान अडीचशे पटींच्या आसपास वाढतं. चुलीवर भडका उडायला तेवढं पुष्कळ झालं. थंडीत मोठा बर्नर बराच वेळ चालवला तर टाकी स्वतः गार पडते, दाब उतरतो आणि गॅस असूनही ज्योत मंदावते. अशा वेळी बंद करून तासभर थांबा, टाकी खोलीच्या तापमानाला आली की ज्योत परत येते.

रिकामा म्हणून परत देण्याआधी रेग्युलेटर काढून टाकीचं वजन करा. कोरलेल्या आकड्याहून अर्धा किलो जास्त भरत असेल तर टाकी संपलेली नाही. रेग्युलेटर अडकतोय किंवा नळी कुठेतरी दुमडली आहे. ते आधी बघा, मगच नवा सिलिंडर लावा.